दाराच्या उजव्या अंगाला

लासिनेम रोज संध्याकाळी सोयाबीन निजवायची. भिजवलेले दाणे ओढ्यात टोपलीत घालून पायांनी तुडवायचे, सुटलेली सालं पाण्याबरोबर जाऊ द्यायची, दाणे शिजवून सुपात गार करायचे, जुन्या पानावरची पांढरी बुरशी त्यांना चोळायची आणि सागाच्या पानांत एकेक पुडी बांधून फळीवर ओळीनं ठेवायची. वरून गोणपाट. मग त्या गोणपाटावर तळहात टेकवून ती जरा वेळ बसे. आत दाणे आपल्याच उबेनं एकमेकांना धरत, पांढरी लव फुटे आणि सुट्या दाण्यांची घट्ट वडी होई. तेंपे काय घरोघर होतं. पण लासिनेमचं तेंपे कापलं की त्याची रेघ ओढल्यासारखी सरळ फोड पडे. तिच्या हाताला ऊब आहे, असं बाजारात म्हणत.

गोणपाटावर हात ठेवून बसलेली असताना तिला हाक मारली तर ती पटकन ओ देत नसे. डोळे उघडे असत, पण ती तिथे नसे. शेजारची सायनाह म्हणायची, "आली का गं परत? ये. तुझ्या चुलीवरचा भात तेवढा लागलाय."

तिचा नवरा विर्यो बांबूच्या भिंती विणायचा. क्लातेनच्या बाजूला विटांची घरं तेव्हा थोडीच होती. बाकी सगळ्यांच्या भिंती कोणीतरी विणलेल्याच असत, आणि या गावात ते कोणीतरी म्हणजे विर्यो. अंगणात पट्ट्या पसरून, उकिडवं बसून तो दिवसभर खालीवर, खालीवर करत राही. बोलणं कमी. बांबूशी बोलावं लागत नाही म्हणूनच त्यानं हा धंदा धरला, असं सायनाहचं मत होतं. चालताना मात्र त्याची एक तऱ्हा होती. घराच्या दारातून बाहेर पडताना तो सरळ पडत नसे. डावीकडे कलून, एक पाय लांब टाकून, तिरका निघे. कोणी विचारलं तर म्हणे, "गुडघा." लासिनेम त्याला खेकडा म्हणायची. "निघाला माझा खेकडा," असं ती चुलीपाशी बसून म्हणे, आणि तो हसून तिरकाच जाई.

त्या दाराच्या डाव्या अंगाला मोगरा होता. लेक यांती जन्मली तेव्हा विर्योनं तिची वार धुऊन, मडक्यात घालून तिथे पुरली होती, वर दिवा लावला होता, आणि दिव्याचे दिवस सरल्यावर मोगरा लावला होता. मुलीची वार डावीकडे, मुलाची उजवीकडे. उजवीकडे काही नव्हतं. झाडलेली माती होती, कोंबड्या तिथे उकरत. लासिनेम रोज त्या मातीवरून झाडू हलक्या हातानं फिरवी. विर्यो घरात नसला की ती जागा टाळून मोठं पाऊल टाकी. तो बघत असला की सरळ तिच्यावरून चाले. त्याला आठवण व्हायला नको म्हणून.

कारण तिथेही एक मडकं होतं. यांतीच्या खूप आधीचं. मुलगा होता. नाव ठेवायच्या जेवणाला शेजाऱ्यांना सांगून झालं होतं, नारळ आणून झाले होते, आणि तो त्याआधीच गेला. सुईण म्हणाली, "आता त्याला हाक मारू नका. अशी लेकरं हाक ऐकली की वाटेतच मागे वळून उभी राहतात." हाक कसली मारणार, नावच नव्हतं. त्या संध्याकाळी विर्योनं उजवीकडचा दिवा उचलून आत आणला, फुंकला आणि स्वयंपाकघरात खुंटीला अडकवला. एक शब्द बोलला नाही. त्यानंतर कधीच बोलला नाही. लासिनेमला वाटलं, पुरुषांचं बरं असतं, विसरता येतं.

ती विसरली नाही, पण दुःख करत बसली असंही नाही. गोणपाटावर हात ठेवला की तो येई, इतकंच. आधी रांगत आला असेल, मग शाळेच्या वयाचा. आता तर चांगला उंच, बापाच्या मागून बांबूचा भारा खांद्यावर घेऊन चालणारा. तोंड कधी दिसलं नाही. पाठ दिसे, आणि भाऱ्याचं पुढचं टोक चालीबरोबर खालीवर होताना दिसे.

यांतीचं लग्न ठरलं त्या भाताच्या कापणीला. मुलगा साखर कारखान्यात कामाला, घर चांगलं. पण एकुलत्या एका लेकरावर काळाचा हक्क असतो, हे कोणाला सांगायला नको. समुद्रात जन्मलेल्या त्या भुकेल्या राक्षसाला बापानं जी माणसं खायला नेमून दिली, त्यांत एकुलतं एक लेकरू पहिलं. लग्नाआधी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लावायचा, काळाची गोष्ट करवायची, पोरीला मोकळं करायचं. हा खेळ दिवसा होतो, आणि तो बाहुल्या नाचवणाऱ्या कोणत्याही दालंगानं करायचा नसतो. तरणे दालंग लग्ना-बारशाला रात्रभर लढाया लावतील, हसवतील. पण काळाला बोलवायचं म्हणजे पिढीजात घराणं हवं, वय हवं. नदीपलीकडे गोंदोबुवा होते. नवराबायको केळ्यांचा घड आणि तेंपेच्या पुड्या घेऊन त्यांच्याकडे गेली.

गोंदोबुवा ओट्यावर एका बाहुलीचा निखळलेला हात बसवत होते. भीमाचा हात. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि चहा मागवला.

"लेकीसाठी?" त्यांनी विचारलं.

"हो. लग्न ठरलंय," विर्यो म्हणाला.

"भावंडं किती?"

"एकटीच आहे."

लासिनेमनं गुळाचा खडा तोंडात टाकला होता, तो तिनं विरघळू दिला नाही, दाढेखाली धरून ठेवला. गोंदोबुवांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्याच्या बायकोकडे असं थेट पाहायची त्यांची रीत नव्हती. ते तिच्याजवळच्या केळ्यांकडे पाहत म्हणाले, "घाई नाही. नीट मोजा. त्या दिवशी गोष्टीत एक वेळ येते, मी बापाला विचारतो की किती लेकरं माझ्या पदरात घालतोस. तेव्हा सांगितलं तरी चालेल. काळाला आपल्याच कपाळावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण मोजता येतं हो. कमी दाखवलं तर तोंडदेखलं ऐकतो, पुढच्या दारानं जातो आणि मागच्या दारानं परत येतो. मग मी पदरात घेतलेलं लेकरूही माझ्याकडे राहत नाही."

"एकच आहे," विर्यो पुन्हा म्हणाला.

"बरं. मग एक चटई, एक उशी, एक पांढरं कापड. बाकी भाताचं, कोंबडीचं, उसाचं सायनाहला माहीत असेल. अजून बोलते का ती?"

"थांबत नाही," विर्यो म्हणाला, आणि दोघे पुरुष हसले.

परतताना बांधावरून विर्यो पुढे, लासिनेम मागे. कापलेल्या शेतांतून धुकं वर येत होतं आणि मेरापी ज्वालामुखीचा धूर सरळ रेघेसारखा आभाळात गेला होता. तिला वाटलं, आपण आता मागून म्हणावं, अहो, दोन होती ना. एवढंच तर म्हणायचं होतं. विर्यो म्हणाला, "यंदा बांबूला भुंगा लागलाय." ती म्हणाली, "हो का." आणि बांध संपला.

मग तेंपे बिघडायला लागलं. लव धरेना, पुड्या ओल्या राहत, उघडल्या की आंबूस वास. लासिनेमनं बुरशीची पानं बदलली, फळी धुतली, उन्हात वाळवली. बाजारात गिऱ्हाइकं पुडी नाकाला लावून हळूच परत ठेवू लागली. सायनाह घरी येऊन बसली.

"तुझ्या पुड्यांना पडसं झालंय गं. नाकं वाहतायत सगळ्यांची."

"ऊन नाहीये."

"ऊन आहे. तू नाहीयेस."

लासिनेम सागाची पानं पुसत राहिली. मग म्हणाली, "सायनाह, तुला तो आठवतो?"

सायनाहनं कोण म्हणून विचारलं नाही. तिनंच तेव्हा पाणी तापवलं होतं. "मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "म्हणून तर बडबडते. गप्प बसलं की आठवतं."

"दालंगबुवा म्हणाले, कमी मोजलं तर काळ परत येतो."

"खरंय ते."

"आणि सुईण म्हणाली होती, हाक मारू नका."

"तेही खरंय."

"मग मी काय करू?"

सायनाहनं शेंगा फोडल्या, दोन दाणे तोंडात टाकले. "तू काय करणार? विचारतात बापाला. आई पडद्याच्या आतल्या बाजूला बसते. आईचा आवाज पलीकडे गेलेला मी तरी ऐकला नाही."

"आणि बाप एकच म्हणाला तर?"

एवढं बोलणारी बाई, पण या प्रश्नावर तिनं शेंगांची टरफलं गोळा करून ओच्यात भरली आणि उठली. दारातून जाताना तिनं पाऊल कुठे टाकलं, ते लासिनेमनं पाहिलं. सायनाहही लांब टाकून गेली.

त्या संध्याकाळी विर्यो पट्ट्या सोलत बसला होता. लासिनेम त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"अहो."

"हं."

"मोजायचं म्हणत होते ना बुवा."

त्याची सुरी थांबली. नंतर परत चालू झाली. "पाहुणे ना? पन्नास धर."

"धरते," ती म्हणाली. गोणपाटावर हात ठेवून ती बसली तेव्हा तो आला. पाठमोराच. पण आज तो चालत नव्हता. वाटेत उभा होता, भारा खाली ठेवून.

खेळाच्या दिवशी विर्योनं बैठक आणि आतली खोली यांच्यामधली भिंत उतरवली. त्याच्याच हातची, स्वतःच्या लग्नाच्या वर्षी विणलेली. तिच्या जागी पांढरा पडदा ताणला. पडद्याखाली केळीचे सोट आडवे घातले, त्यांत बाहुल्यांच्या काठ्या खोचल्या. डावीकडे राक्षस, उजवीकडे देव आणि राजे. बैठकीत पुरुष आणि कांस्याच्या पट्ट्या वाजवणारा एक म्हातारा, आत बायका. चटई, उशी, कापड, ऊस, भाताचा डोंगर, पिंजऱ्यात पांढरी कबुतरं, सगळं मांडून झालं. यांती पांढरं कापड गुंडाळून दालंगाच्या गुडघ्याशी बसली. आत जाताना लासिनेमनं तिच्या केसांवरून हात फिरवला, तर पोरगी हळूच म्हणाली, "आई, बुवांच्या अंगाला कापराचा वास येतोय. मला शिंक येईल."

"दाबून धर. काळासमोर शिंकू नकोस."

"तो काय करेल? सर्दी झाली म्हणून सोडून देईल."

दिवसा दिवा लावला की तो दिवा वाटत नाही. गोंदोबुवांच्या डोक्यावर ज्योत जळत होती, आणि त्यांच्या मागून अंगणातलं ऊनही पडद्यावर येत होतं. त्यामुळे आतल्या बाजूला प्रत्येक बाहुलीच्या दोन सावल्या पडत. दिव्याची काळी, हलणारी, आणि तिच्यामागे उन्हाची फिकट, पाण्यात बुडाल्यासारखी. बायका पाय मुडपून बसल्या होत्या. पट्ट्यांचा आवाज एकेक थेंब पडावा तसा येत होता. लासिनेमला वाटत होतं, आपण ओढ्याच्या तळाशी बसलोय आणि वरून कोणी चालतंय.

समुद्र उसळला. काळ जन्मला, दात घेऊनच. त्यानं बापाकडे जेवण मागितलं, बापानं यादी दिली, मग पस्तावून विष्णूला पाठवलं. आणि विष्णू दालंगाचं रूप घेऊन याच घरात खेळ मांडून बसला. बाहुल्यांच्या खेळात बाहुल्यांचा खेळ. बायकांना हे पाठ होतं, तरी काळ वास घेत पडद्याच्या कडेनं येऊ लागला तेव्हा सायनाहसुद्धा गप्प झाली.

"भूक लागली," काळ म्हणाला. गोंदोबुवांच्या एवढ्याशा छातीतून तो आवाज कुठून येत होता कोणास ठाऊक. "या घरात माझं जेवण आहे."

"जेवण नाही. माझं लेकरू आहे," विष्णू दालंग म्हणाला.

"तुझं कधीपासून?"

"आत्तापासून. बापाला विचारतो." पट्ट्या थांबल्या. गोंदोबुवा आपल्या साध्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "विर्यो, किती लेकरं माझ्या पदरात घालतोस?"

लासिनेम उठली होती. कधी उठली तिला कळलं नाही. ती पडद्यापाशी गेली आणि तिनं कापडावर हात ठेवला, गोणपाटावर ठेवायची तसा. पलीकडे काळ अगदी चिकटून उभा होता. त्याची सावली कापडातून तिच्या बोटांवर उतरली, नखं, दात, सगळं. कापड दिव्यानं कोमट झालं होतं. सायनाहनं तिचा पदर ओढला. लासिनेमनं तोंड उघडलं. आईचा आवाज पलीकडे जात नाही तर न जावो, पण ती सांगणार होती.

"दोन," पलीकडून विर्यो म्हणाला.

 कबुतरं तेवढी पिंजऱ्यात सरकली.

"एक ही बसलीय," विर्यो म्हणाला. तो नेहमीसारखाच बोलत होता, भिंतीचं माप सांगावं तसा. "एक दाराच्या उजव्या अंगाला आहे. त्या दिवशी तुमच्या ओट्यावर मी एक म्हणालो, कारण हिच्या आईदेखत बोलायचं नव्हतं. तिला आठवण होते. मी आजवर बोललो नाही."

"त्याचं नाव?"

"ठेवलं नव्हतं." पलीकडे चटई करकरली. "म्हणजे मी ठेवलं होतं. जेवणाच्या दिवशी सांगणार होतो. वलुयो."

आत बायकांमध्ये कोणीतरी हळूच म्हणालं, "वलुयो. म्हणजे सुखरूप." आणखी कोणी म्हणालं, "छान नाव आहे." लासिनेमचा हात पडद्यावर तसाच होता. सुईणीनं सांगितलं होतं, हाक मारू नका. पण ही हाक नव्हती. मागून मारलेली तर नव्हतीच. तिनं आपल्या मनात त्या वाटेकडे पाहिलं. तो उभा होता, भारा खाली ठेवून. नाव ऐकून तो वळला नाही. वाकला, भारा उचलून खांद्यावर घेतला, आणि चालू लागला. पुढचं टोक चालीबरोबर खालीवर, खालीवर होत गेलं, आणि धुक्यात तेही दिसेना.

पडद्यावर काळ कुरकुरत होता. "जो आधीच गेला त्याला मी काय खाणार? हाडंसुद्धा नाहीत."

"खायचा नाहीये," विष्णू दालंग म्हणाला. "मोजायचा आहे. मोज."

 काळानं आपला अवजड हात वर केला; लासिनेमच्या बोटांवरून ती सावली सरकली आणि गेली. "एक," तो म्हणाला. "दोन." आणि पोट धरून, उपाशी, पडद्याच्या कडेनं निघून गेला. यांतीला तेवढ्यात शिंक आली.

"बघा," गोंदोबुवा काळाच्या जाता जाता उरलेल्या आवाजात म्हणाले, "अशी नाक गळणारी नकोच होती मला." बैठकीतले पुरुष हसले, मग आतल्या बायका, आणि सायनाह सगळ्यांत उशिरा, डोळे पुसत.

उरलेलं सगळं रीतीप्रमाणे झालं. बुवांनी यांतीच्या केसांची बट कापली आणि पांढऱ्या कापडाच्या तुकड्यात ठेवली. मग ते उठले, दाराबाहेर गेले, उजव्या अंगाला बसले आणि चिमूटभर माती उचलून त्याच तुकड्यात बांधली. "दोघंही आता माझी," ते म्हणाले. "लग्नाला मला नवरीच्या बापासारखं बसवा. पानात मोठा तुकडा वाढा." बुवांना द्यायची चटई आणि उशी मात्र एकेकच होती. सायनाह घरी गेली आणि आपली उशी घेऊन आली. खोळ फाटकी होती. बुवांनी तीही गाडीत ठेवली.

ती पुरचुंडी संध्याकाळच्या आत नदीत सोडायची होती. पाहुणे पांगले. विर्योनं पडदा उतरवला, पण भिंत परत लावली नाही, म्हणाला, उद्या. बैठकीतून आतपर्यंत सरळ उजेड पडला होता. यांती उंबऱ्यावर बसून कापलेल्या बटेची जागा चाचपत होती.

"आई, माझ्यापेक्षा किती मोठा होता दादा?"

"चांगला मोठा," लासिनेम म्हणाली. "तुला खांद्यावर घेऊन बाजारात गेला असता एवढा."

"मग मी चाललेच नसते कधी."

"नसतीसच चालली. आळशी."

विर्यो पुरचुंडी घेऊन निघाला. दारात आला, डावीकडे कलला, लांब पाऊल टाकलं आणि तिरका बाहेर पडला. लासिनेमनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती त्याला खेकडा म्हणाली नाही. ती त्याच्यामागे निघाली, दारात आली, आणि तो मागे वळून बघत असताना, त्याच्यादेखत, तिनं तेच पाऊल टाकलं. डावीकडे कलून, लांब.

विर्यो तिच्या पायांकडे बघत राहिला.

"तुझाही गुडघा?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून," लासिनेम म्हणाली.

 तिला हात देण्यासारखं काही नव्हतं, जमीन सपाट होती, तरी त्यानं हात पुढे केला होता. तो तिनं धरला. यांती मागून म्हणाली, "घ्या. दोन खेकडे." ती दोघं बांधावरून नदीकडे गेली, या वेळी पुढेमागे नाही, बांध अरुंद असूनही शेजारी शेजारी, एकेक पाय कापलेल्या शेतात टाकत.

परत आल्यावर लासिनेमनं त्या दिवशीचे दाणे निजवले. उशीर झाला होता, हात थकले होते. वरून गोणपाट टाकलं, तळहात टेकवला आणि जरा वेळ बसली. कोणी आलं नाही. खाली पुड्या होत्या, त्यांना हळूहळू ऊब येत होती.